मार्कअपमधील स्क्रिप्टचे एस्केपिंग

एचटीएमएल किंवा एक्सएमएल पानात जावास्क्रिप्टसारखा कोड थेट लिहिताना त्यातली चिन्हे मार्कअपची (पानाची रचना सांगणाऱ्या टॅगांची) खूण म्हणून वाचली जाऊ नयेत, यासाठी केलेल्या व्यवस्थेला एस्केपिंग म्हणतात. अडचण मुख्यतः < आणि & या दोन चिन्हांची. जावास्क्रिप्टमध्ये < म्हणजे ‘पेक्षा लहान’ आणि && म्हणजे ‘दोन्ही अटी खऱ्या’; मार्कअपमध्ये < ने टॅग सुरू होतो आणि & ने एंटिटी, म्हणजे चिन्हाऐवजी लिहायचा संकेत (जसे < साठी &#60;). पान आधी मार्कअपचा पार्सर (पानाची रचना ओळखणारा प्रोग्रॅम) वाचतो आणि त्याने दिलेला मजकूर मग कोड चालवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या इंजिनाला मिळतो. हा क्रम नीट समजला की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

एचटीएमएलमध्ये कोड ज्यात लिहितात त्या स्क्रिप्ट टॅगला सवलत आहे. त्याच्या आतल्या एंटिटी उलगडल्या जात नाहीत. त्यामुळे तिथे < ऐवजी &#60; लिहिले, तर इंजिनाला ती पाचही चिन्हे जशीच्या तशी मिळतात आणि कोड मोडतो. एक्सएमएलला (१९९८) अशी सवलत माहीत नाही. जानेवारी २००० मध्ये आलेल्या एक्सएचटीएमएल १.० ने (एचटीएमएलचे एक्सएमएल रूप) एक्सएमएलचेच नियम घेतले, आणि साध्या लूपच्या अटीतल्या < मुळेही पान सदोष ठरू लागले. त्यावर उपाय सीडेटा विभागाचा: तो <![CDATA[ ने उघडला की ]]> येईपर्यंत सगळा निव्वळ मजकूर.

व्यवहारात मात्र बहुतेक एक्सएचटीएमएल पाने सर्व्हरकडून साध्या एचटीएमएलचा शिक्का लावूनच जात. इंटरनेट एक्सप्लोररला एक्सएचटीएमएलचा स्वतंत्र प्रकार नवव्या आवृत्तीपर्यंत (२०११) उमगतच नव्हता. एकच फाइल दोन्ही रीतींनी वाचता यावी म्हणून सीडेटाच्या पहिल्या आणि शेवटच्या खुणेआधी // लिहिण्याची पद्धत रुळली. एक्सएमएल पार्सरला सीडेटा दिसतो, जावास्क्रिप्टला टिप्पणी. ही युक्ती खरोखर सुंदर आहे. याउलट जुन्या ब्राउझरांपासून कोड लपवण्यासाठी तो <!-- आणि --> मध्ये ठेवण्याची सवय एक्सएमएलमध्ये घातक ठरते: संपूर्ण स्क्रिप्टच टिप्पणी होते आणि कोणतीही चूक न दाखवता नाहीशी होते.

एचटीएमएलच्या सवलतीलाही मर्यादा आहे. बंद होणारा स्क्रिप्ट टॅग अवतरणचिन्हांतल्या स्ट्रिंगमध्ये आला, तरी पार्सर स्क्रिप्ट तिथेच संपवतो, कारण अवतरणचिन्हांचा अर्थ फक्त इंजिनाला कळतो. म्हणून स्ट्रिंगमध्ये </ ऐवजी <\/ लिहितात. हा कोड स्वतः लिहिलेला असेल तर प्रश्न गैरसोयीपुरताच राहतो. पण वापरकर्त्याने भरलेले नाव किंवा अभिप्राय सर्व्हर स्क्रिप्टमध्ये ओतत असेल, तर हीच फट क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग हल्ल्याची (पानात परका कोड घुसवून चालवण्याची) वाट होते. असा डेटा बहुधा जेसन या जावास्क्रिप्टच्या धाटणीच्या रूपात ओततात; त्यातले प्रत्येक < चिन्ह त्याच्या युनिकोड रूपात (बॅकस्लॅश, यू, ००३सी) बदलावे. स्ट्रिंगची किंमत तीच राहते, पार्सरला मात्र टॅग सापडत नाही.

क्लिकसारख्या घटनांसाठी अॅट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आतल्या गुणधर्मात) लिहिलेल्या कोडचे गणित उलटे असते. तिथे एचटीएमएलही एंटिटी उलगडते. &#39; इंजिनापर्यंत पोहोचते ते उघडे ' होऊन, आणि स्ट्रिंग तिथेच तुटू शकते. म्हणून आधी जावास्क्रिप्टसाठी एस्केप करायचे, मग त्यावर एचटीएमएलसाठी. एवढी कसरत करण्यापेक्षा कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवणे केव्हाही बरे. < आणि & वापरणाऱ्या स्क्रिप्टसाठी एक्सएचटीएमएल १.० च्या मानकातही हाच सल्ला होता. बाहेरची फाइल मार्कअपचा पार्सर वाचतच नाही.