मिररलेस कॅमेरा (डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेला) घेतला की बॅग हलकी होते म्हणे!

सोनीचा ए७ हा मिररलेस २०१३ मध्ये आला तेव्हापासून हे ऐकतोय, मिररलेस घ्या, वजन निम्म्यावर येतं. कसलं काय. ए७ ची बॉडी बॅटरी-कार्डसकट ४७४ ग्रॅम होती हे खरं, पण पुढच्याच वर्षी ए७ टू मध्ये हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून सेन्सर (चित्र टिपणारी चिप) हलवणारं स्टॅबिलायझेशन आलं आणि वजन गेलं ५९९ वर.

आता खरी गोष्ट. आरसा काढला की सेन्सर आणि माउंट (लेन्स बसते ती कडी) यांच्यातलं अंतर कमी होतं, कॅननचं ४४ मिमीचं २० झालं, निकॉनचं ४६.५ चं थेट १६. पण सेन्सर तोच ना, ३६ बाय २४ मिमी, तेवढा भरायला आणि वर एफ २.८ (म्हणजे जास्त प्रकाश घेणारं मोठं तोंड) पाहिजे म्हटलं की काच लागतेच, ती काय आरशाबरोबर निघून जात नाही. कॅननची जुनी डीएसएलआरची झूम लेन्स ईएफ २४-७० एफ २.८ टू ८०५ ग्रॅम, मिररलेसची आरएफ २४-७० एफ २.८ मात्र ९०० ग्रॅम (स्टॅबिलायझेशन आहे तिच्यात, मान्य). आणि कॅननचीच मिररलेसची २८-७० एफ २, १४३० ग्रॅम! लग्नात दिवसभर गळ्यात घालून बघा.

वाइड (जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्समध्ये मात्र फायदा दिसतो, कारण मागची काच सेन्सरजवळ नेता येते. निकॉनची जुनी १४-२४ जवळपास किलोची, झेड माउंटवाली ६५० ग्रॅम. टेलीमध्ये (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये) आरसा गेल्याने फारसं काही वाचत नाही.

मिररलेस घ्यायचाच तर समोरच्याच्या डोळ्यावर आपोआप बसणाऱ्या फोकससाठी घ्या, फोटो काढण्याआधीच एक्स्पोजर (फोटो किती उजळ येईल ते) दिसतं त्यासाठी घ्या.