सिंगलेट फिशन म्हणजे फुकटची ऊर्जा नव्हे

काही सौरघटांत सिंगलेट फिशन या प्रक्रियेमुळे एका फोटॉनमधून, म्हणजे प्रकाशाच्या एका कणातून, दोन इलेक्ट्रॉन मिळतात, म्हणजे ऊर्जा दुप्पट झाली, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं अजिबात नाही. पेंटासीन या सेंद्रिय अर्धवाहकाच्या पातळ थरात प्रकाशाने उत्तेजित झालेल्या रेणूकडे सुमारे 1.83 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. ती तो शेजारच्या रेणूबरोबर वाटून घेतो. प्रत्येकाच्या वाट्याला ट्रिपलेट या कमी ऊर्जेच्या उत्तेजित अवस्थेतली साधारण 0.86, आणि प्रत्येकाकडून एक इलेक्ट्रॉन. बेरीज करून पाहा, वाढ कुठेच नाही! जोडीचा एकूण स्पिन (इलेक्ट्रॉनांचा एक क्वांटम गुणधर्म) शून्यच राहतो, तो बदलावा लागत नाही, म्हणून वाटणी सुमारे 80 फेमटोसेकंदांत उरकते (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). 2013 साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या पेंटासीन सौरघटाने ठरावीक तरंगलांबीला 109 टक्के क्वांटम कार्यक्षमता दाखवली, म्हणजे दर 100 फोटॉनांमागे 109 इलेक्ट्रॉन; ती टक्केवारी इलेक्ट्रॉनांच्या संख्येची, विजेच्या ऊर्जेची नव्हे. खरा फायदा निराळा आहे: एरवी उष्णता होऊन वाया जाणारी जास्तीची ऊर्जा कामी येते.