‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणजे डिस्क गेली, असं नाही
लॅमिंग्टन रोडवर जुनी हार्ड डिस्क घेऊन गेलात की कुणीतरी ठामपणे सांगतोच: बॅकअप घेताना ‘ॲक्सेस डिनाइड’ येतंय ना, मग व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. मारू नका! डिस्क बहुधा ठणठणीत असते, अडतं ते परवानगीवर. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीत, फोल्डरचा मालक नावाने नव्हे, एका लांबलचक क्रमांकाने ओळखला जातो. नव्या विंडोजवर तुम्ही पुन्हा ‘आई’ याच नावाचं खातं उघडलंत तरी क्रमांक वेगळा, म्हणून दार बंद. फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जाऊन मालकी स्वतःकडे घ्या, मग वाचायची परवानगी द्या. सी ड्राइव्हवरच्या ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’वर हाच संदेश आला, तर त्याच्या नादी मात्र लागू नका. विंडोज व्हिस्टापासून तो खरा फोल्डरच नाही, ‘यूजर्स’कडे बोट दाखवणारी नुसती पाटी आहे. डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर गोष्ट वेगळी.