उसनी मापं: औषधाच्या भुकटीची मोजणी

‘वस्त्रगाळ’ हा शब्द आपल्याकडे अजून वापरात आहे. कापडातून गाळलं की चूर्ण बारीक झालं, इतका सरळ हिशेब. भस्माची परीक्षा जास्त कडक. अंगठा आणि तर्जनीत चोळल्यावर बोटांच्या रेषांत जाऊन बसलं तर ‘रेखापूर्ण’, स्थिर पाण्यावर तरंगलं तर ‘वारितर’.

पण कण बारीक असला की त्याचा पृष्ठभाग किती वाढतो? एक सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक-एक मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे) घन केले तर ६ चौरस मीटर, म्हणजे छोटी खोलीच! औषध विरघळतं ते याच पृष्ठभागावरून.

हे मोजण्याची साधनं मात्र औषधांसाठी जन्मलीच नाहीत. हवा पावडरीतून किती वेळात झिरपते यावरून पृष्ठभाग काढणारं ब्लेनचं यंत्र १९४३ चं, सिमेंटसाठी. कण मोजणारा कूल्टर काउंटर आधी रक्तपेशी मोजत होता. आणि सगळ्यात महत्त्वाची बीईटी पद्धत (नाव तिघा शोधकांच्या आद्याक्षरांवरून) आली खताच्या वाटेनं. खतासाठीचा अमोनिया बनवायला लागणाऱ्या लोखंडी उत्प्रेरकाचा (अभिक्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाचा) पृष्ठभाग किती, हे ब्रुनाउर आणि एमेट या रसायनशास्त्रज्ञांना हवं होतं. टेलर (पुढे हायड्रोजन बॉम्बमुळे गाजलेले तेच) जोडीला आले आणि १९३८ साली तिघांचं समीकरण छापून आलं.

कृती अशी: पावडरीतली ओल आणि हवा काढून टाकायची, नळी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची आणि आत थोडाथोडा नायट्रोजन वायू सोडायचा. कणांवर रेणूंचा एक थर बसायला किती वायू लागला ते समीकरणातून निघतं. एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असं धरून गुणाकार करायचा. उत्प्रेरक बिनधास्त तापवता येतो, औषधाचं तसं नाही. गोळ्यांत वंगण म्हणून घालतात ते मॅग्नेशियम स्टिअरेट जास्त तापवलं तर त्यातलं पाणी जातं आणि आकडाच बदलतो.

औषधवाल्यांचे डोळे खरे उघडले ते ग्रिसिओफल्विनमुळे. नायट्यावरचं हे औषध पाण्यात जेमतेम विरघळतं. १९६२ साली दिसलं की ते अतिबारीक दळलं तर एक ग्रॅमचं काम अर्ध्या ग्रॅममध्ये होतं.

तरी नुसतं दळत सुटून भागत नाही. फार बारीक, पाण्याला नाखूश पावडरीच्या गुठळ्या होतात. नायट्रोजन त्यांच्या फटींत शिरतो आणि भला मोठा आकडा देतो, पोटातलं पाणी तिथपर्यंत पोहोचतंच असं नाही.