सीमध्ये व्हेरिएबल आपोआप शून्य होतो का?

मुंबईतल्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर व्हायवा जवळ आली की ही नोट फिरते: "सी या प्रोग्रामिंग भाषेत व्हेरिएबलला व्हॅल्यू नाही दिली तरी कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) स्वतःच शून्य टाकतो."

अर्धं बरोबर आहे, म्हणून तर इतकी वर्षं टिकलंय. ग्लोबल (फंक्शनच्या बाहेरचे) आणि स्टॅटिक (प्रोग्राम संपेपर्यंत टिकणारे) व्हेरिएबल शून्यापासूनच सुरू होतात, ही गॅरंटी सीच्या स्टँडर्डची, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांची, कंपायलर कुठलाही असो. पण फंक्शनच्या आत नुसतं 'इंट टोटल;' लिहिलं तर ते सहसा स्टॅकवर, म्हणजे फंक्शन आळीपाळीने वापरतात त्या मेमरीत, जातं आणि आधीच्या फंक्शनने तिथे जे सोडलं असेल तेच हाती येतं, लोकल ट्रेनच्या सीटवर कोणाचा तरी पेपर राहावा तसं. कधी कधी शून्य निघतंही, कारण ऑपरेटिंग सिस्टीम नवीन मेमरी पुसून देते आणि तो तुकडा अजून कोणी वापरलेला नसतो. म्हणजे "माझ्याकडे तर चालतं" म्हणणारा खोटं बोलत नाही, फक्त त्यावरून काही सिद्ध होत नाही.

फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत तर अजून गंमत, तेव्हाचे बरेच कंपायलर लोकल (फंक्शनच्या आतले) व्हेरिएबलही स्टॅटिक जागेत ठेवायचे, त्यामुळे मागच्या कॉलची व्हॅल्यूसुद्धा टिकायची, आणि लोकांनी त्याच भरवशावर कोड लिहिले. जीफोरट्रान या आजच्या फोरट्रान कंपायलरमध्ये लोकल व्हेरिएबल शून्य करायचा ऑप्शन आहे, पण माझ्या मते ती मलमपट्टी.

स्वतः बघायचं तर टोटलला सुरुवातीची व्हॅल्यू न देता त्यात लूपने बेरीज करा, जीसीसी या सीच्या कंपायलरला '-वॉल -ओ२' (वॉर्निंग आणि ऑप्टिमायझेशन चालू करणारे ऑप्शन) देऊन वॉर्निंग येते का बघा, मग '-ओ०'ने (ऑप्टिमायझेशन बंद) बनवून वॅलग्रिंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या टूलखाली चालवा. टोटल छापलं की वॅलग्रिंड अनइनिशियलाइज्ड (सुरुवातीला न भरलेल्या) व्हॅल्यूची तक्रार करतो, उत्तर बरोबर आलं असलं तरी.