सिराक्यूसचं लॅक्रॉस आणि वारशाचं चित्र : पार्श्वभूमी

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत, फेकत गोल करण्याचा सांघिक खेळ. महाविद्यालयीन लॅक्रॉस संघाचा वारसा चित्रात उतरवायचा म्हटला की एक मांडणी हमखास सुचते. पुढे आजच्या जर्सीतला खेळाडू, त्याच्यामागे जुने विजेते, आणि सगळ्यांत मागे धुक्यात हरवल्यासारखा, हातात लाकडी काठी घेतलेला अमेरिकेतला मूळनिवासी. तो सर्वांत लहान, चेहरा अर्धवट दिसणारा. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूस विद्यापीठाच्या बाबतीत ही मांडणी चुकीची ठरते. इथे तो माणूस दूरही नाही आणि भूतकाळातलाही नाही. ओनोंडागा लोकांची स्वतःची भूमी शहराच्या दक्षिणेला काही मैलांवर सुरू होते. तिथे आजही काठ्या बनतात आणि आजही खेळ होतो.

खेळ त्यांचाच. ओनोंडागा हे होडिनोशोनी महासंघाच्या सहा राष्ट्रांपैकी एक. महासंघाचा मध्यवर्ती अग्नी त्यांच्याकडे असतो, म्हणजे सगळ्यांची सभा त्यांच्या अंगणात भरते. खेळाला ते निर्मात्याचा खेळ म्हणतात. माणूस आजारी पडला किंवा समाजावर संकट आलं तर औषध म्हणून तो खेळला जातो. 'लॅक्रॉस' हे नाव फ्रेंचांनी दिलेलं. सतराव्या शतकातल्या जेझुइट पाद्र्यांच्या लिखाणात ते प्रथम येतं. पुढे 1867 मध्ये मॉन्ट्रियलला नियम लिहिले गेले आणि 1880 मध्ये मूळनिवासी खेळाडूंना 'व्यावसायिक' ठरवून कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेबाहेर काढलं गेलं. ज्यांचा खेळ, त्यांनाच दार बंद.

काठीकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण चित्रात चूक होते ती नेमकी इथे. हिकरी या चिवट लाकडाच्या झाडाचा ओंडका उभा फाडतात, तासतात, वाफेवर मऊ करून एक टोक वाकवतात आणि वाळू देतात. मग वाकलेल्या टोकाला चामड्याच्या पट्ट्यांची जाळी विणतात. चांगली काठी तयार व्हायला महिन्यांचा काळ लागतो. तिला एकच बाजू असते, ती सममित नसते. 1970 च्या सुमारास प्लास्टिकचं डोकं बाजारात आलं आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी काठी रूढ झाली. जुन्या खेळाडूच्या हातात चित्रकार ही सारखी काठी देतो, तेव्हा त्या माणसाच्या हातातून त्याचीच वस्तू काढून घेतल्यासारखं होतं. होडिनोशोनी घरांत मुलाच्या पाळण्यात छोटी काठी ठेवतात आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्यासोबत पुरतात.

विद्यापीठाचा संघ 1916 चा. तो उभा केला वनशास्त्र महाविद्यालयात लँडस्केप शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने. 1920, 1922, 1924 आणि 1925 ही चार वर्षं विद्यापीठ आपल्या विजेतेपदांत धरतं. 1931 पासून 1970 पर्यंत प्रशिक्षक एकच होता आणि त्याच्यानंतर 1998 पर्यंत त्याचा मुलगा. एवढं सांगून मी थेट 1957 कडे जातो, कारण माझ्या मते वारशाच्या चित्राचं केंद्र तेच आहे.

त्या वर्षी संघाने दहाही सामने जिंकले. मधल्या फळीत होता एक कृष्णवर्णीय तरुण, जो त्याच विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातून पुढे अमेरिकेतल्या सर्वकालीन महान फुटबॉलपटूंमध्ये गेला. त्याने त्या हंगामात 43 गोल केले. हंगाम संपल्यावर निवडक खेळाडूंच्या झालेल्या उत्तर-दक्षिण सामन्यात तर फक्त अर्धा वेळ खेळून पाच. गोलात होता ओनोंडागांमधला एक तरुण. शाळा लहानपणीच सुटलेली, मधल्या काळात सैन्यात जाऊन आलेला, आणि प्रशिक्षकाने बोलावल्यामुळे विद्यापीठात आलेला. त्याने शिक्षण घेतलं ते ललित कलेचं. त्याच संघात प्रशिक्षकाचा मुलगाही होता. तो शिल्पकार झाला आणि वडिलांनंतर प्रशिक्षकही. म्हणजे ज्या संघाचं चित्र काढायचं, त्याच संघात दोन कलावंत खेळत होते. आणि दहापैकी दहा सामने जिंकूनही राष्ट्रीय विजेतेपद त्यांना मिळालं नाही. विजेतेपदांचे झेंडे मोजून वारसा ठरवला तर 1957 त्यात येतच नाही.

आता 1978 मध्ये विद्यापीठाने आपलं मूळनिवासी शुभचिन्ह बंद केलं, त्या निर्णयाबद्दल. त्यावर इथे सविस्तर लिहावं लागेल. तो निर्णय लॅक्रॉसचा नव्हता, तरी सिराक्यूसमध्ये मूळनिवासी माणसाचं चित्र कसं काढायचं हा प्रश्न त्यानेच उघड केला.

1931 मध्ये विद्यार्थ्यांच्या एका विनोदी मासिकात बातमी छापून आली. आवारात एका इमारतीसाठी खोदकाम चालू असताना सोळाव्या शतकातल्या ओनोंडागा सरदाराचे अवशेष सापडले, असं तिच्यात म्हटलं होतं. सिराक्यूस हे मिठागरांमुळे वाढलेलं शहर, म्हणून सरदाराचं नाव पडलं 'सॉल्टाइन वॉरियर', मिठाचा योद्धा. बातमी सपशेल खोटी होती. अवशेष सापडले नव्हते आणि सरदारही नव्हता. पण नाव चिकटलं. विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचं शुभचिन्ह हाच योद्धा झाला. 1951 च्या तुकडीने त्याचा कांस्यपुतळा बसवला. घडवणारी एक विद्यार्थिनी होती, आणि तिने मॉडेल शोधलं ते ओनोंडागा भूमीवर जाऊन. धनुष्य आकाशाकडे ताणलेला हा तरुण आजही आवारात उभा आहे. म्हणजे खोट्या गोष्टीला शरीर मिळालं ते खऱ्या ओनोंडागा माणसाचं. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून एका विद्यार्थी बंधुमंडळातला मुलगा पिसं आणि चामड्याचा पोशाख घालून फुटबॉलच्या सामन्यांत हा योद्धा होऊन नाचू लागला.

तारखा शेजारी ठेवून पाहा. ज्या दशकात पोशाखातला योद्धा प्रेक्षकांपुढे नाचत होता, त्याच दशकात खरा ओनोंडागा लॅक्रॉसच्या गोलात उभा राहून अपराजित हंगाम खेळत होता. विद्यापीठाच्या मनात ठसला तो पोशाख.

1978 मध्ये मूळनिवासी विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला आणि विद्यापीठाने हे शुभचिन्ह बंद केलं. विरोध बराच झाला. माजी विद्यार्थ्यांमधल्या अनेकांचं म्हणणं होतं की हा सन्मानच आहे, यात अपमान कुठला? त्यांच्या भावनेत खोट नव्हती, हे मान्य करायला हवं. तरुणपणी ज्या चिन्हाखाली ओरडलो ते कुणी काढून घेतलं की माणूस दुखावतो. पण सन्मान ज्याचा करायचा त्यालाच तो नको असेल तर तो सन्मान उरत नाही. शिवाय आक्षेप घेणारे कुठून परक्या ठिकाणाहून आलेले नव्हते, ते शेजारी होते. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि तो उशिरा झाला असंही वाटतं. त्यानंतर काही काळ रोमन ग्लॅडिएटर आणून पाहिला, तो लोकांनी हुर्यो करून घालवला. शेवटी गोलमटोल संत्रं आलं आणि 1995 मध्ये अधिकृत झालं.

पुतळा मात्र हलला नाही. तो ठेवण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. कलाकृती म्हणून त्यात दम आहे, आणि तिच्या मागे एका जिवंत माणसाचं अंग आहे. पण 1978 नंतर सिराक्यूसच्या कुठल्याही चित्रात पिसं लावलेला निनावी योद्धा येऊ शकत नाही. मूळनिवासी माणूस चित्रात घ्यायचा तर तो कोण, कुठल्या राष्ट्राचा, कुठल्या वर्षी खेळलेला, हे सांगता यायला हवं.

पुढचा काळ लॅक्रॉसप्रेमींच्या परिचयाचा. 1983 च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाविरुद्ध 5-12 असं मागे पडून 17-16 असा विजय. मग कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातून आलेले जुळे भाऊ, त्यांच्यातल्या एकाने 1988 च्या उपांत्य सामन्यात गोलामागून हवेत झेप घेऊन वरून चेंडू मारला तो क्षण, 22 नंबरची जर्सी आणि ती एकामागून एक घालणारे तीन सख्खे भाऊ. 1983 ते 2004 सलग बावीस वर्षं राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांत. 2009 मध्ये कॉर्नेलविरुद्ध चार सेकंद उरले असताना बरोबरी आणि जादा वेळेत 10-9. जादा वेळेतला तो गोल करणारा सहा राष्ट्रांच्या भूमीवरचा मोहॉक, म्हणजे त्या सहांपैकी एका राष्ट्राचा, खेळाडू होता.

आकड्यांचा गुंता थोडक्यात सांगतो. 1990 ची अंतिम लढत संघाने 21-9 अशी जिंकली होती. एका खेळाडूच्या गाडीच्या कर्जाला प्रशिक्षकाच्या पत्नीने जामीन म्हणून सही केल्यामुळे तो खेळाडू अपात्र ठरला, आणि महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने ते विजेतेपद रद्द केलं. म्हणून संस्थेच्या हिशेबात दहा, विद्यापीठाच्या हिशेबात अकरा, आणि विसाच्या दशकातली चार धरली तर पंधरा. चित्राच्या चौकटीखाली आकडा लिहिलाच तर वाद ठरलेला.

'वारसा' हा शब्द मराठीत उच्चारला की वारसनोंद आठवते. जमिनीच्या उताऱ्यावर नावं कोणाची चढली आणि कोणाची राहून गेली, हा प्रश्न आपल्याला घरातूनच माहीत असतो. सिराक्यूसमध्ये तो शब्दशः जमिनीचा आहे. 2005 मध्ये ओनोंडागा राष्ट्राने अमेरिकी न्यायालयात भूमिहक्काचा दावा दाखल केला. दाव्यातल्या क्षेत्रात सिराक्यूस शहरही येत होतं. 2010 मध्ये तो फेटाळला गेला. त्याच 2005 मध्ये विद्यापीठाने होडिनोशोनी विद्यार्थ्यांसाठी शिक्षण, राहणं आणि जेवण यांचा पूर्ण खर्च उचलणारी शिष्यवृत्ती जाहीर केली. तीही याच इतिहासाचा भाग आहे, आणि माझ्या लेखी तिचं मोल झेंड्यांपेक्षा कमी नाही.

1957 चा गोलरक्षक पदवीनंतर न्यूयॉर्कमध्ये शुभेच्छापत्रांच्या कंपनीत चित्रकार होता. 1970 मध्ये तो घरी परतला आणि आपल्या लोकांचा श्रद्धारक्षक, म्हणजे परंपरा आणि विधी जपणारा, झाला. 1983 मध्ये, म्हणजे विद्यापीठाने पहिलं आधुनिक विजेतेपद जिंकलं त्याच वर्षी, सहा राष्ट्रांचा स्वतःचा संघ उभा राहिला आणि तो उभारणाऱ्यांत हा गोलरक्षक होता. 1990 मध्ये हा संघ स्वतःच्या पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात जागतिक स्पर्धेला गेला. 2010 मध्ये तेच पासपोर्ट ब्रिटनने नाकारले आणि संघाला मँचेस्टरची स्पर्धा सोडावी लागली. 2022 मध्ये संघाने 'इरोक्वॉय' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव टाकून 'होडिनोशोनी' हे स्वतःचं नाव घेतलं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लॅक्रॉस परत येणार असं ठरलं, तेव्हा त्यांनी आपल्या ध्वजाखाली खेळण्याची मागणी केली. उत्तर मिळालं की अमेरिका किंवा कॅनडा यांच्या संघातून खेळा.

तो ध्वज जांभळा आहे. त्यावर पांढऱ्या रेषेने जोडलेले चार चौकोन आणि मध्ये पाइनचं झाड. प्रत्येक चिन्ह महासंघाच्या मूळ पाच राष्ट्रांपैकी एकाचं. मधलं झाड ओनोंडागांचं.