रुमाल, तार आणि बिस्किटाचा डबा: पुण्याच्या कागदवेडाची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आधी माळा आवरायला घेतला आणि पत्र्याचा एक बिस्किटाचा डबा खाली आला, झालं, आवराआवर तिथंच संपली. आत संक्रांतीची भेटकार्डं, एकाला अजून हलव्याचा दाणा चिकटलेला, वास उडालेलं सेंटेड लेटरपॅड, शाळेतली स्वाक्षऱ्यांची वही, अन् न वापरलेली पाकिटं तर ढीगभर. भाची तिथंच फतकल मारून बसली आणि म्हणाली, मावशी हे असलं व्हिंटेज कुठं मिळतं गं? तिच्याकडे वॉशी टेपचे, म्हणजे त्या रंगीत कागदी चिकटपट्ट्यांचे, वीसेक रोल आहेत, स्टिकर्सचा वेगळा बाइंडर आहे, आणि तिला वाटतं की हे सगळं जर्नलिंग प्रकरण, म्हणजे वही सजवत लिहिणं, तिच्याच पिढीने सुरू केलं. तर तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी ही थोडी मागची गोष्ट.

पुण्यात कागदाचं वेड जुनंच आहे. कसबा पेठेत कागदीपुरा आहे ना, ते नाव उगाच नाही पडलं, तिथं पेशवाईत कागद बनवणारे कारागीर राहायचे. जुन्नरचा कागद तर त्याआधीपासून प्रसिद्ध, आणि तिकडे दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं अख्खं गावच आहे. कागद हाताने व्हायचा, म्हणजे चिंध्या, ताग असलं काहीबाही कुटून लगदा करायचा, पाण्यात कालवून चाळणीवर उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत बसायचं, नाहीतर बोरूची शाई फुटते. लिहून झालं की शाई सुकायला वर बारीक वाळू टाकायचे. आणि ग्लिटर कार्डं आत्ताची वाटतात ना आपल्याला? मोठ्या दरबारांत मानाच्या पत्रांना सोन्याचा वर्ख शिंपडलेला कागद वापरायचे, वर किनखापाची थैली, खलिता म्हणतात तो, त्यावर लाखेची मोहोर. म्हणजे गिफ्ट रॅपिंग पण आलंच की.

पण मला खरं भारी वाटतं ते लिहिण्यापेक्षा ठेवण्याचं. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, तिथं मोडीतले कागद ठेवायची पद्धत म्हणजे गठ्ठा करायचा आणि कापडात बांधायचा, त्या गठ्ठ्याला म्हणतात रुमाल. फायलिंग कॅबिनेट नाही की काही नाही, चौकोनी कापड, चार टोकं, गाठ. असे हजारो रुमाल आहेत तिथं आणि इतिहासाचे अभ्यासक अजून ते सोडून बसतात. मी तर म्हणेन ऑर्गनायझेशनमधलं आपलं सगळ्यात टिकाऊ प्रॉडक्ट हेच.

मग इंग्रज आले आणि गिरणीचा कागद आला, मुंढव्यालाच १८८० च्या दशकात कागदाची गिरणी निघाली, हातकागदवाल्यांचं कंबरडं मोडलं. पुढे गांधीजींनी ग्रामोद्योगाचा विषय लावून धरला आणि त्यांच्याच प्रोत्साहनाने के. बी. जोशींनी १९४० मधे पुण्यात हातकागद संस्था सुरू केली, शिवाजीनगरला, तो रस्ता आता त्यांच्याच नावाने आहे. सुती चिंध्यांपासून कागद, झाड तोडायचं नाही. फुलांच्या पाकळ्या घातलेली कार्डं, पाकिटं, डायऱ्या, पिशव्या, असली हातकागदाची भेट अनेक पुणेकरांनी एकदा तरी कुणाला दिलेली असते. जाडसर, कडा जरा ओबडधोबड, शाईपेन फार टोकदार असेल तर अडकतं, पण हाताला काय छान लागतो.

शाईचं पण सांगते. आपल्या आयांच्या कंपासपेटीतलं कॅमल हे दांडेकरांचं, मराठी घरचं, १९३१ मधे मुंबईत हॉर्स ब्रँड शाईच्या पावडर आणि गोळ्यांपासून सुरुवात.

आता भेटकार्ड. हा प्रकार विलायती, त्याबद्दल वाद नको. लंडनला हेन्री कोल नावाचे गृहस्थ होते, १८४३ मधे नाताळला इतक्या लोकांना पत्रं कोण लिहीत बसणार म्हणून त्यांनी हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं आणि हजारभर छापलं. म्हणजे ग्रीटिंग कार्डाचा जन्म प्रेमातून नाही, चक्क कंटाळ्यातून! (आपण फॉरवर्ड करतो त्यावर उगीच नाकं मुरडतात लोक.) त्याच्या तीन वर्षं आधी तिकडे पेनी पोस्ट सुरू झालं होतं, टपाल स्वस्त झालं म्हणून कार्ड चाललं. आपल्याकडेही तसंच, १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं आणि मग काय, जो तो लिहायला लागला. त्या साध्या कार्डालाही आपण नटवलंच, शुभ बातमी असेल तर कोपऱ्याला हळदकुंकू, आणि वाईट बातमीचं असेल तर कोपरा फाडलेला, ते वाचून लगेच नष्ट करायचं, घरात ठेवायचं नाही. बाकी सगळी पत्रं भिंतीवरच्या वाकड्या तारेला टोचायची. तार भरली की दोऱ्याने बांधून माळ्यावर. आजोबांकडे अशा तीन तारा होत्या, एक घरच्यांची, एक गावच्या वाटणीची आणि एक बिलांची, त्यात चुकून पण सरमिसळ झालेली चालायची नाही.

भेटकार्डाला खरं मराठी वळण मिळालं ते संक्रांतीला. परगावच्या माणसाला तिळगूळ द्यायचा कसा, तर छोटं कार्ड, वर "तिळगूळ घ्या गोड गोड बोला", आत चिमूटभर हलवा, आणि पाकीट पोस्टात. पोहोचेपर्यंत हलव्याचा भुगा. तरी पाठवायचेच. दिवाळीची कार्डं पाकीट उघडंच ठेवून वर बुकपोस्ट लिहून जायची, तिकीट कमी लागायचं म्हणून, आणि पुणेकर हे विसरणं शक्यच नाही.

खरेदीचं ठिकाण ठरलेलं, अप्पा बळवंत चौक. ज्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचं नाव चौकाला आहे ते पेशव्यांचे सरदार, वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत पडले. सरदाराच्या नावाच्या चौकात आज आपण ब्राउन पेपर, जेल पेन आणि मोत्यांची पाकिटं घेतो. जूनमधे तिथं जाऊ नका एवढंच सांगेन, सगळं पुणं वह्यापुस्तकांना आलेलं असतं. लग्नपत्रिकांचे नमुने बघायचे, आहेराची पाकिटं शेकड्याने घ्यायची तरी पेठांमधेच.

नंतर १९७९ मधे दिल्लीत भेटकार्डांचं आर्चीज सुरू झालं, पुढे गावोगाव त्याची दुकानं आली, आणि आम्ही कॉलेजात असताना तासतास उभं राहून कार्डं वाचायचो, घ्यायचो एकच, तेही सगळ्यात लहान. त्याच वर्षी मुंबईत क्राय संस्था सुरू झाली, त्यांनी मुलांसाठी पैसे उभे करायला कार्डं विकली, युनिसेफची तर होतीच, त्यामुळे काही घरांत "आम्ही फक्त युनिसेफचीच पाठवतो" असा एक सूक्ष्म तोरा असायचा. मग मोबाईल आले. दिवाळीच्या दिवशी एसएमएसला जास्त पैसे लावायचे कंपन्यांवाले, लोक आदल्या रात्रीच शुभेच्छा उरकायचे. पुढे व्हॉट्सॲप, आणि २०१३ च्या जुलैत तर तारसेवाच, म्हणजे टेलिग्राम, बंद झाली, लग्नाच्या ठरलेल्या शुभेच्छांना नंबर असायचे ना तारेत, नुसता नंबर दिला की मजकूर जायचा, ते पण गेले.

आणि भाचीच्या वॉशी टेपचं ऐकाल तर गंमत वाटेल. ती बनवणारी जपानी कंपनी कामोई १९२३ पासून माशा चिकटायचा कागद बनवायची! मग कागदी मास्किंग टेप, आणि २००८ मधे नाजूक रंगांची एमटी नावाची वॉशी टेप बाजारात आली. जगभर लोक वह्या सजवायला लागले. आम्ही त्याला चिकटवही म्हणायचो आणि खळ गव्हाच्या पिठाची असायची, तिला झुरळं लागायची हा भाग वेगळा.

डब्याचं आम्ही काय केलं? रबरबँड सगळे वितळून कार्डांना चिकटलेले, सेलोटेप पिवळी पडून सुटलेली, तर ते आधी काढलं. भाचीचं म्हणणं होतं रंगाप्रमाणे लावू, फोटो छान येतो. मी म्हटलं पाठवणाऱ्याप्रमाणे, आजोबांच्या तारांसारखं. शेवटी आईने जुन्या सुती साडीचे चौकोन फाडून दिले, प्रत्येक माणसाचा एक गठ्ठा, वर नावाची चिठ्ठी, ती चिठ्ठी मात्र वॉशी टेपने, ठीके. दोन कार्डं कुठल्याच गठ्ठ्यात गेली नाहीत. अक्षर ओळखीचं वाटतंय, पण खाली सहीच्या जागी फक्त "ओळख पाहू" लिहिलंय.